मूठभर खाद्य

घंटा झाली नाही, दिवे मालवले नाहीत. कोंबडीखाद्याच्या गिरणीचं लोखंडी शटर खडखडत वर गेलं आणि प्रवेश सुरू झाला. मागे छताला भिडलेली पोती, मध्यभागी पिठानं पांढरं झालेलं यंत्र, काट्यापाशी गिरणीवाला. समोरच्या पायरीवर प्रेक्षक एकच, मी. डावीकडून ती आली. हातात पायांना धरलेली मेलेली कोंबडी.

गल्ली तिला तोफ म्हणायची. रंगमंचावर मी जन्मभर भले भले आवाज ऐकले, पण असा बिनतालमीचा आवाज दुसरा नाही. नवरा गेल्यावर तिनं कोंबड्यांची शेड उभी केली आणि अंड्यांवर घर चालवलं. गिरणीवाला तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो एवढासा होता. त्याचं नाक पुसण्यापासून सगळं हिनंच केलेलं. म्हणून खाद्यही त्याच्याकडचंच.

मध्यंतरी गोदामाचं छत गळलं, काही मका भिजला, हिरवी बुरशी धरली. गिरणीवाल्यानं तो ताडपत्रीवर वाळवला, चोळून पाखडला आणि खाद्यात दळला. दिसायला सोनं! तिच्या कोंबड्या मात्र पंख पाडून बसू लागल्या आणि एकेक करत मरू लागल्या.

"भाऊजी, ही तुमच्या खाद्याची करणी!"

"वहिनी, कोंबडी काय अमरपट्टा घेऊन येते?"

"जनावरांच्या डॉक्टरांनी फाडून दाखवली. लिव्हर पिवळंधमक, बोट लावलं की चुरा. बुरशी वाळते म्हणाले, तिचं विष वाळत नाही. झटका, धुवा, भाजा, जात नाही."

"उचलली जीभ लावली टाळ्याला! तुझी शेडच घाणेरडी."

"तुमच्या तोंडापेक्षा स्वच्छ आहे!"

हमाल फिदीफिदी हसले. गिरणीवाला लालबुंद झाला. "माझ्या मालाला नावं ठेवतेस? जा, दुसरीकडे मिळतंय का बघ!"

दुसरी गिरणी जवळपास नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. उरलेल्या कोंबड्या अजून वाचण्यासारख्या होत्या, पण डॉक्टरांनी बजावलं होतं, खाद्य आजच बदला. तिच्या घरी होती ती हीच विषारी पोती.

मेलेली कोंबडी तिनं काट्यावर ठेवली. त्याच खाद्याच्या उघड्या पोत्यात हात घालून मूठ भरली आणि मागच्या अंगणाकडे निघाली. तिथं गिरणीवाल्यानं घरच्या पोरांना अंडी मिळावीत म्हणून पाळलेल्या चारपाच कोंबड्या हिंडत होत्या. गुबगुबीत, लालभडक तुऱ्याच्या.

"या गं बायांनो, या."

गिरणीवाला धावला आणि त्यानं तिचं मनगट पकडलं. "त्यांना नको!"

एका हमालानं पाठीवरचं पोतं खाली ठेवलं. कोणी हसलं नाही. आपण काय बोलून बसलो ते गिरणीवाल्याच्या चेहऱ्यावर उमटलं आणि मान खाली गेली. दुष्ट नव्हता हो तो. भिजलेला माल फेकून द्यायला छाती लागते, ती नव्हती.

तिनं मूठ उघडली नाही. आवाजही चढवला नाही. पण पायरीवर मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"तुला भरवला तो प्रत्येक घास मी आधी चाखून बघितलाय. सोड हात, आणि माझ्या कोंबड्यांना चांगली पोती काढ."