बाबली कॉलर

मालवणच्या मेढा या वस्तीतल्या सुगंधा कांदळगावकर हिच्याकडे शिवणयंत्र आले, तेव्हा शेजारपाजारच्या बायका ते बघायला अशा आल्या की जणू घरात बाळ झाले आहे. नवरा शंकर मुंबईला बोटीवर खलाशी होता. त्याने पगार साठवून ते जुने यंत्र घेतले आणि गलबतातून पाठवून दिले. सुगंधाने त्याला हळदकुंकू लावले, चाक फिरवून पाहिले आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागली.

तिचे माहेर गोव्यातले, पेडण्याचे. तिथे शेजारच्या एका किरिस्ताव शिंपिणीच्या हाताखाली ती लहानपणी काजे करायला बसत असे. त्या बाईकडून ती एक कॉलर शिकली. मानेभोवती उभी राहणारी, पुढे दोन गोल पाकळ्यांसारखी वळणारी आणि कडेला क्रोशाची बारीक लेस लावलेली. मालवणात तोवर बायकांची पोलकी म्हणजे गळा कापला, बाह्या जोडल्या, संपले. सुगंधाने ती कॉलर पोलक्याला लावली आणि गौरीच्या सणाला स्वतः घालून ओवशाला, गौरीपुढे सूप ओवाळायला, गेली. देवीपेक्षा तिच्या मानेकडेच बायकांचे लक्ष जास्त.

बाजारातल्या कापडवाल्या महादूशेटने संधी ओळखली. त्याने दुकानाच्या कोपऱ्यात सुगंधाच्या यंत्राला जागा दिली. कापड त्याचे, शिवण हिची. हाताशी दोघी आल्या, काजे-बटणे करणारी विधवा तुळसा आणि लेस विणणारी यशोदा. महादूशेटला नावे ठेवण्याची हौस होती. त्याने पाटी रंगवून घेतली, 'फिरंगी पोलके येथे मिळेल', आणि गिऱ्हाईक आले की तो गल्लीला ऐकू जाईल असा ओरडायचा, "लिस्बनची फॅशन, मालवणच्या दरात."

"शेटजी, लिस्बन माका म्हायत नाय," सुगंधा म्हणायची. "माका पेडणां म्हायत आसा."

"पेडण्याचा नाव घेतलंय तर कोण घेयत गो? फिरंगी म्हटला की हात आपसूक पिशवीत जाता."

आणि ते खरेच होते. दोन वर्षांत फिरंगी पोलक्याशिवाय मालवणात लग्न लागेना. मुंबईहून सुटीला आलेल्या चाकरमान्यांच्या बायकासुद्धा जाताना दोन-दोन शिवून नेत. तुळसाने घरावर नवी कौले घातली. सुगंधाची मुलगी सीता शाळेत जाऊ लागली होती. तिच्या परकरावरच्या झंपरालाही तीच कॉलर.

मग पंचावन्न सालचा ऑगस्ट आला. गोव्याच्या हद्दीवर सत्याग्रही गेले आणि पोर्तुगिजांनी निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या. बातमी मालवणात पोचली आणि बाजार एका दमात बंद झाला. मेढ्यातला सत्यवान खोबरेकर सत्याग्रहात होता. तो परत आला तो मोडलेला हात गळ्यात बांधून. पुढे हात जुळला, पण कोपरात सरळ होईना.

सत्यवानाची काकी काशीबाई हिला मेढ्यात मान होता. कुणाच्या लग्नात कोणता आहेर, कुणाच्या मुलीला कोणते स्थळ, हे तिला विचारल्याशिवाय ठरत नसे. एका सकाळी ती गाठोडे घेऊन दुकानाच्या पायरीशी आली. आत पाऊल टाकले नाही. घरातल्या मुली-सुनांची सगळी पोलकी तिने पायरीवर ठेवली.

"माझ्या पुतण्याचो हात ज्येंनी मोडल्यानी, त्येंचा नाव माझ्या सुनांच्या अंगार नको," एवढेच ती म्हणाली आणि वळली.

सुगंधाने ती पोलकी उचलून आत घेतली. हद्द बंद झाली होती आणि तिची स्वतःची आई पलीकडे अडकली होती. आईचे पत्र नाही, निरोप नाही. हे कुणाला सांगायचे? सांगितले तर लोक म्हणणार, बघा, हिची माणसे अजून तिकडेच आहेत.

काशीबाईने जे केले ते हळूहळू सगळ्या मेढ्याने केले. महादूशेटने पाटी रातोरात उतरवली आणि विचारेल त्याला सांगू लागला की नाव सुगंधाने ठेवले होते. मात्र व्यापारी माणूस, तो हातावर हात ठेवून बसणारा नव्हता. आठवड्याभराने तो नवी पाटी घेऊन आला. तिच्यावर लिहिले होते, 'सत्याग्रही पोलके'.

"तीच कॉलर, तीच लेस. नाव तेवढा बदललंय," तो खुशीत म्हणाला. "आता बग कशी रांग लागता ती."

सुगंधाने पाटी वाचली. पायपट्टीवरचा पाय काढला. यंत्र थांबले.

"शेटजी, थंय माणसां मेली. त्येंच्या नावान मी पोलकां इकू?"

"अगो, फिरंग्याच्या नावान इकलंस ना?"

"ता तुमी इकलास. मी गप रवलंय, ती माझी चूक. ही दुसरी चूक माका करूची नाय."

"मगे तुझो कोपरो माका दुसऱ्याक देवचो लागतलो," महादूशेट म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. हिशेब होता.

असे यंत्र घरी आले. पडवीत ठेवले. तुळसा आणि यशोदा सवयीने सकाळी यायच्या, दुपारपर्यंत बसायच्या आणि काम नाही म्हणून सुगंधाच्याच घरचे तांदूळ निवडून जायच्या. दिवाळी गेली, माघातली लग्ने गेली. शंकरचे पत्र आले की यंत्र विकून टाक आणि सीताला घेऊन मुंबईला ये, दोस्ताच्या खोलीत पोटमाळा रिकामा आहे. यंत्र न विकता सुगंधा हे दिवस सोसणार होती. पण एक दिवस सीता शाळेतून आली ती झंपराची कॉलर उपटून. पोरी तिला फिरंगीण म्हणत होत्या. सात वर्षांच्या पोरीने स्वतःच्या नखांनी टाके उसवले होते आणि रडली मात्र नव्हती. ती रडली असती तर आईला बरे वाटले असते. त्या दिवशी सुगंधाने कणकवलीच्या एका शिंप्याला निरोप धाडला की यंत्र विकायचे आहे. त्याने कळवले, शिमगा झाला की येतो. तिने यंत्राला गोणपाट गुंडाळून सुंभाने बांधून ठेवले.

शिमग्यात मालवणात कुणाची गय नसते. गडी माणसे सोंगे काढून दारोदार फिरतात, शबय म्हणजे बक्षिसी मागतात, आणि वर्षभरात गावात जे काही झाले असेल त्याचे गाणे करून तोंडावर म्हणतात. ज्याच्यावर गाणे, त्याने हसून शबय द्यायची असते. रागावला तो हरला.

त्या संध्याकाळी ढोल मेढ्यात शिरला तेव्हा सुगंधाला कळून चुकले की यंदा गाणे आपल्यावर आहे. पुढे होता बाबली. बाबली म्हणजे किनाऱ्यावर रापणीचे जाळे ओढणारा सगळ्यांत आडदांड गडी, मिशा वर वळवलेल्या, छाती दरवाजाएवढी. त्याने लुगडे नेसले होते, आत करवंट्या बांधल्या होत्या आणि वर पोलके घातले होते. पोलक्याला शिडाच्या जाड कापडाची कॉलर होती, ती दोन्ही कानांना टोचत होती. ढोल बडवत होता सत्यवान, चांगल्या हाताने. मागे अर्धा मेढा.

"मडम इली रे मडम इली,
पणजे सोडून मेढ्यात इली,
पोलक्यात सुगंधाच्या घुसली,
कॉलरीत तिची मान फसली.
शबय, शबय."

सीता आत धावली. तुळसा म्हणाली, "वयनी, दार लाव." सुगंधा दाराशी उभी राहिली. दार लावायला हात उचलला खरा, पण तिची नजर बाबलीच्या गळ्याकडे गेली आणि तिथेच अडकली. खांद्याची शिवण ताणून उसवत आली होती. कॉलर सुरकुतून एका बाजूला कलली होती. चांगल्या सुगरणीला दुसऱ्याच्या चुलीवर करपलेला वास आला की जसे होते, तसे तिला झाले.

"बाबल्या, हय ये," ती म्हणाली.

"आदी शबय दी, वयनी."

"दितंय. पायरेर बस."

बाबली लुगडे सावरत बसला. सुगंधाच्या पदराला सुई-दोरा नेहमी टोचलेला असे, तो तिने काढला.

"ह्यां कोणी शिवलां रे?"

"बायलेन."

"तिका सांग, कॉलर तिरकी कापूची असता, नायतर ती मानेक बसना नाय. माझ्या नावार सोंग काढलास, ता बरा केलास. पण पोलकां तरी माझ्या हातचां वाटूक व्हया. ह्यां बगून लोक म्हणतले, सुगंधाक शिवूकच येयत नाय."

मागून कुणीतरी फिस्सकन हसले. सुगंधाने शिडाची कॉलर टरकन उसवली. आत जाऊन न खपलेल्यांतली एक तयार कॉलर आणली, लेससकट, आणि बाबलीच्या मानेशी धरून टाके घालू लागली.

"हलू नको मेल्या, सुय लागात."

"लागली तर पणजेक तक्रार करीन," बाबली मान ताठ ठेवून बारीक आवाजात म्हणाला. "मडम आसंय मी."

पहिला हसला तो सत्यवान. ढोलावर वाकून, मोडका हात पोटाशी धरून तो हसत सुटला. मग कुणालाच आवरेना. समोर आपल्या घरापुढच्या खळ्यात काशीबाई उभी होती. तिने पुतण्याला असे हसताना ऑगस्टनंतर पाहिले नव्हते. ती आत गेली नाही.

सुगंधाने दात लावून दोरा तोडला. कॉलर नीट बसवली, दोन्ही पाकळ्या बोटांनी सारख्या केल्या. बाबली उभा राहिला. त्या राकट मानेवर ती पांढरी लेस अशी काही शोभत होती की एक म्हातारी मनापासून बोलून गेली, "रे बाबल्या, तू तर बरो दिसतंस."

"ही माझी शबय," सुगंधा म्हणाली. "आता जा, महादूशेटच्या दुकानासमोर दोनदा नाच."

तो दोनदा नाही, चारदा नाचला.

दुसऱ्या दिवशी काहीच घडले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कणकवलीचा शिंपी सकाळच्या एसटीने आला, गोणपाट सोडून यंत्राचे चाक फिरवू लागला. तेवढ्यात अंगणात बाबलीची बायको उभी, कमरेवर हात.

"काय करून ठेवलंस गो वयनी? माझो घोव ता पोलकां काढूक तयार नाय. निजताना घालता. माका तसांच शिवून दी, नायतर घरात बाईलमाणूस कोण ता कळाचां नाय."

यशोदाच्या हातातले सूप खाली पडले, इतकी ती हसली. सुगंधाने शिंप्याकडे पाहिले, यंत्राकडे पाहिले.

"भाऊ, वाईच चाय घेवा," ती म्हणाली. "तुमका फुकट खेप पडली."

यानंतर एकदम रांग लागली असे नव्हे. दोन बायका आल्या, मग एक, मग पंधरवडाभर कुणी नाही. पण आलेली प्रत्येक जण तेच म्हणायची, "बाबलीच्या पोलक्यासारखां शिव." कोळणी म्हणायच्या, बाजारातल्या म्हणायच्या, शाळेतल्या पोरी म्हणायच्या. फिरंगी हा शब्द कुणी गाळला नाही, तो आपोआप गळला. त्याच्या जागी बाबली येऊन बसला. पुढे सीतानेही एक दिवस झंपर आईपुढे टाकला. "लाव आता," म्हणाली.

वैशाखात काशीबाई आली. या वेळी पायरी चढून पडवीत बसली. पुतणीचे लग्न ठरले होते. तिने कापड मांडीवर घेतले, बराच वेळ हात फिरवत राहिली.

"माका अजून राग आसा," ती म्हणाली. "तो जावचो नाय."

"जाव नये, काकी. माझी आवस थंय आसा. माकाय राग आसा."

काशीबाईने मान वर केली. माहेर पेडण्याचे हे ठाऊक होते, पण आई अजून तिकडे अडकली आहे हे तिला माहीत नव्हते. मेढ्यात कुणालाच माहीत नव्हते.

"कधी सांगलंस नाय ता?"

"कोणाक सांगतलंय?"

काशीबाईने कापड सुगंधाच्या हातात दिले. "ह्येका काय म्हणतत आता?"

"बाबली कॉलर."

"ह्यां नाव माझ्या तोंडात बसात," काशीबाई म्हणाली आणि माप द्यायला पुतणीला हाक मारली.

महादूशेट कसा मागे राहील? तो 'बाबली फॅशन' अशी पाटी घेऊन हजर झाला. सुगंधा म्हणाली, नाव माझे नाही, तुमचेही नाही, ज्याचे आहे त्याला विचारा. बाबलीने विचार करून वर्षाला एक सदरा मागितला. सदरा त्याला दर शिमग्याला मिळत राहिला, सुगंधाच्या हातचा, महादूशेटच्या कापडाचा. पाटी मात्र तिने पडवीला कधीच लावू दिली नाही. यंत्रे पुढे चार झाली. सत्तावन्नच्या निवडणुकीत दोन्ही बाजूंची माणसे टोप्या आणि झेंडे शिवायला आली, तेव्हा तिने दोघांनाही हात जोडले. "झेंडे शिवणारे भरपूर आसत," ती म्हणाली. "माझ्याकडे पोलकी घेवन या, सगळ्या पक्षांची."

एकसष्टच्या डिसेंबरात गोवा मोकळा झाला. जाणे-येणे सुरू होताच सुगंधा सीताला घेऊन पेडण्याला गेली. आई अंगणात बसली होती, डोळ्यांना अंधूक दिसे. तिने लेकीचा चेहरा चाचपला, मग बोटे मानेवर आली आणि कॉलरीच्या लेसवरून फिरली.

"आमच्या शेजारणीची गो ही," ती म्हणाली. "थंय ह्येका काय म्हणतत?"

"बाबली कॉलर," सीता मध्येच म्हणाली.

"कोण ही बाबली? खूप देखणी आसा?"

सुगंधाने लेकीकडे पाहिले. दोघी हसू लागल्या, आणि म्हातारी काही न कळूनही त्यांच्याबरोबर हसली.

"आसा," सुगंधा डोळे पुसत म्हणाली. "मिशे मात्र वाईच मोठे आसत."