चावडीवरचं औक्षण

आश्विन वद्य पंचमीच्या दुपारी मी चिंचेने पितळी तबक घासत होते, तेवढ्यात पाटलीणबाई दारात आल्या. "अक्का, उद्या पोरं लढाईवर जाऊन राह्यली. चावडीवर ओवाळाले येजो."

"हाव," म्हणाले आणि घासत राहिले. चिंचेच्या आंबट वासाने वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची मागची लढाई आठवली. तेव्हा याच तबकाने मी दादाला चावडीवर ओवाळलं होतं. त्या वेळचे पाटील म्हणाले होते, "लढाई जिंकू द्या, सरकार आपल्याले आपलं राज्य देईन." गावाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

दादा बसऱ्याच्या आघाडीवरून लंगडत परतला. राज्य आलं नाही, बिनचौकशी तुरुंगात टाकणारा इंग्रजांचा कायदा आला. बाजाराच्या दिवशी दादा त्याच चावडीवर त्याविरुद्ध बोलला. पाटलांनी शिपायांना बोटाने दाखवलं, "हाच तो."

"काका, राज्य येईन असं तुमीच त म्हटलं होतं!" दादा ओरडला.

"त्या टायमाले म्हटलं होतं बे. आता गप राय."

दादाला बुलढाण्याच्या तुरुंगात नेलं. टाळ्या वाजवणारे सगळे खाली बघून वांगी निवडत होते. तेव्हा मला एकट्या पाटलांचा राग आला होता. आता त्या वांगी निवडणाऱ्यांचा जास्त येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर गेले. नव्या पाटलांचं तेच भाषण चाललं होतं. मी पोरांच्या हातात भाकरी-ठेच्याची शिदोरी दिली.

"अन् तबक कुठी हाय?" पाटलीणबाईंनी विचारलं.

"घरी. परत येतीन तवा ओवाळीन."