बिननिळीचा रुमाल

“माझ्या पोराला कावीळ झालीय का? सांगा ना, झालीय का?”

खडकीतल्या आमच्या फोटोच्या दुकानात नवरदेवाचे वडील असे ओरडत होते, की तिकडे स्वारगेटहून सुटलेली एसटी जागच्या जागी थांबली असणार. कॉम्प्युटरवर आदल्या दिवशीचं लग्न होतं आणि नवरा, नवरी, पाहुणे, पंगतीतला भातसुद्धा पिवळाधमक. माझा भागीदार सुधाकर खिशातला रुमाल काढून उलटसुलट करून बघत होता. मग म्हणाला, “काका, मुलगा ठणठणीत आहे. आजारी माझा रुमाल आहे. परवा या, बरं करून देतो.”

सुधाकर जाऊन आता काही आठवडे झाले... पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाआधी त्याच्या बायकोने, शोभावहिनींनी, माझ्यावर एकच काम सोपवलं होतं : भिंतीवर लावायला त्याचा एक नीट फोटो. तो शोधायला बसलो आणि पहिला आठवला तो हा रुमाल.

कॅमेऱ्याला डोळा असतो, अक्कल नसते. मांडवाचं कापड लाल असलं की तो माणसं लाल करतो, ट्यूबखाली हिरवी. म्हणून आधी त्याला काहीतरी पांढरं दाखवायचं आणि ‘बाबा रे, हे पांढरं, बाकीचं यावरून ठरव’ असं बजावायचं. याला म्हणतात व्हाइट बॅलन्स. आता आमच्याकडची बौद्ध लग्नं म्हणजे नवरी पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्या कपड्यांत. मांडवात इतकं पांढरं, की लोहगावहून उडणारा वैमानिक आधी गॉगल चढवायचा. पण सुधाकरचा विश्वास कशावरच नाही. “साडी सायीसारखी आहे, मामांचा सदरा निळीतला आहे,” असं पुटपुटत तो स्वतःचा रुमाल छातीशी धरायचा आणि मला ओरडायचा, “मार!” मी रुमालाचा फोटो मारायचो, मग काम सुरू. त्या लग्नाच्या आधी नेमका तोच रुमाल वहिनींनी प्रेमाने निळीत बुचकळलेला. कॅमेऱ्याने निळसर कापडाला पांढरं मानलं आणि निळं काढता काढता अख्खं लग्न पिवळं करून टाकलं! सुधाकरने दुकान बंद ठेवून एकेक फोटो सुधारला. वहिनींना मात्र एका शब्दाने बोलला नाही. मी म्हणतो, घाबरला असणार. पण तेव्हापासून त्या घरात त्याच्या रुमालाला स्वतंत्र बादली.

वाघोलीच्या एका लग्नात नवरीची मावशी स्टेजवर चढून कुजबुजली, “अहो, मुलीला जरा उजळ करा ना.” तिची कुजबुज शेवटच्या रांगेत पोचली, नवरीपर्यंत तर पोचलीच. सुधाकर म्हणाला, “मावशी, रुमाल पांढरा दिसला की माझं काम संपलं. मुलगी सावळी आहे, छान दिसतेय. उजळच हवं असेल तर ट्यूबलाइटचा फोटो काढून देतो.” खाली घातलेली मान वर करून नवरी खदखदून हसली. तो फोटो तिने अल्बमच्या पहिल्या पानावर लावून घेतला.

असा साऱ्या पुण्याचा उजेड दुरुस्त करणारा माणूस, आणि घरी स्वयंपाकघरात जुनाट पिवळा बल्ब! एकदा मी पांढरा एलईडी घेऊन गेलो, तर मला म्हणाला, “इथे कुणाचा फोटो काढायचाय? बस, जेव.”

फोटो काढणाऱ्याचे फोटो कोण काढतं... त्याचे सापडले ते फक्त माझ्या कॅमेऱ्यातले, रुमालाचे. रुमालाने फ्रेम भरायची असते, पण माझा हात असा पक्का, की वर सुधाकरचा चेहरा आलाच पाहिजे, तोंड “मार!” म्हणता म्हणता उघडं. आणि सगळे बॅलन्स व्हायच्या आधीचे, म्हणजे एकूण एक चुकलेल्या रंगाचे. त्यातला एक हसरा, पिवळ्या दिव्यांच्या हॉलमधला, मी निवडला आणि दुरुस्त केला. रुमाल पांढरा झाला, तसा सुधाकरही आपल्या खऱ्या रंगात आला. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांसाठी केलं ते मी त्याच्यासाठी केलं, असं वाटून मी लॅपटॉप घेऊन वहिनींकडे गेलो.

त्यांच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. खिडकीच्या दोरीवर तो रुमाल वाळत होता; वहिनी अजून धुतात, बिननिळीचा.

“वहिनी, डावीकडचा चुकलेला. उजवीकडचा बरोबर. सुधाकरने हाच लावला असता.”

त्यांनी दोन्हीकडे पाहिलं, मग वरच्या बल्बकडे.

“डावीकडचा लावा, भाऊजी. घरी हे असेच दिसायचे.”