बिनचौकशीची कादंबरी

आमच्या मोठ्या मामांनी आयुष्यात जितकी पुस्तकं वाचली, त्याच्या कितीतरी पट नाकारली. पुढचं पुस्तक कोणतं वाचायचं, हा प्रश्न तुम्हा-आम्हाला पडतो तेव्हा आपण कपाटापाशी उभे राहतो, हाताला लागेल ते उचलतो आणि घरी येतो. मामांच्या लेखी हा निव्वळ उनाडपणा. पंचायत समितीत नोकरी करता करता त्यांनी उभा जन्म लोकांच्या सोयरिकी जुळवण्यात घालवला, तोही पदरचा चहा पाजून. मंगरूळपीरपासून किन्हीराजापर्यंत अशी बरीच घरं सापडतील, जिथली सून मामांनी शोधलेली आहे आणि जावई मामांना अजून वचकून आहे. पण ते निवृत्त झाले तोवर पोरापोरींनी आपापलं मोबाईलवरच जुळवायला सुरुवात केली होती. मामांची एवढी विद्या वाया जाते की काय, अशी वेळ आली. मग ती सगळीच्या सगळी त्यांनी गावातल्या वाचनालयाकडे वळवली. त्यात त्यांना आवड कादंबऱ्यांची, आणि कादंबरीही 'ती'च, त्यामुळे भाषाही बदलावी लागली नाही.

पहिली पायरी म्हणजे माहिती काढणे. एखादी कादंबरी नजरेत भरली, की ती याआधी कोणाकडे जाऊन आली हे मामा ग्रंथपाल रफीकभाईंकडून काढून घेत आणि थेट त्या माणसाच्या घरी जाऊन बसत. एकदा असं कळलं, की आसेगावच्या एका शेतकऱ्यानं एक कादंबरी अर्धवट सोडून परत केली. मामा एसटीनं आसेगावला गेले. त्या गृहस्थानं चहा पाजला, तुरीवरच्या अळीबद्दल पोटभर सांगितलं आणि निघताना कादंबरीबद्दल एवढंच म्हणाला, की सुरुवातीलाच कंटाळा आला. मामा परत आले तेव्हा मला वाटलं, आता ही कादंबरी बाद. पण मामा म्हणाले, "त्याच्या वावरात अळी पडली होती बापू, त्यात पोरीचा काय दोष? नाही म्हननाऱ्याचंही घर पाहा लागते." ती कादंबरी त्यांनी आणली आणि ती मामींना फार आवडली. मामांना नाही आवडली, पण ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. आपण जुळवलेल्या सोयरिकीला नावं ठेवायची त्यांची पद्धत नव्हती.

दुसरी पायरी पाहण्याची. इस्त्रीचा सदरा घालून मामा वाचनालयात जात, पुस्तक टेबलावर ठेवायला सांगत आणि समोरच्या खुर्चीत बसून नुसते पाहत. मग मलपृष्ठावरचा लेखकाचा फोटो तपासत. लेखक हसत असला तर शेवट दुःखाचा असणार, हा त्यांचा पक्का ठोकताळा. मुखपृष्ठावर पुरस्कारांचा उल्लेख असला की ते सावध होत. जिची फार तारीफ सांगतात तिच्यात काहीतरी लपवलेलं असतं, हा अनुभव. एवढं करून पुस्तक न घेताच घरी येत, कारण पहिल्याच भेटीत होकार देणं बरं दिसत नाही. रफीकभाई शांत माणूस, पण एकदा त्यांनाही राहवलं नाही. "काकाजी, ही किताब हाये, पोरगी नाही. पसंत नाही पडली तं वापस आना."

"वापस आनाची पाळी येऊ नये म्हनूनच तं चौकशी करतो ना," मामा म्हणाले.

अखेरीस पसंती झालीच, तरी अमावास्येला पुस्तक घरी येत नसे आणि पितृपक्षात तर नुसतं पाहायलासुद्धा मामा जात नसत. आमच्याकडे भाच्याचा मान मोठा. मामानं भाच्याच्या पाया पडायचं, मग भाचा कितीही कार्टा असो. त्या मानापायी मला वाशीमहून बोलावणं येई, मी पुस्तकाला पहिला हात लावायचा आणि मगच मामा ते उचलायचे. मी असल्या कामासाठी रजा टाकतो हे माझ्या साहेबांना कधी पटलं नाही, पण त्यांना असे मामा नव्हते.

आणि घरात आल्यावरचा नियम असा, की एका घरात एका वेळी एकच पुस्तक नांदायचं. सकाळी मामा वाचत. दुपारची कामं उरकली की तेच पुस्तक मामी घेत आणि मांडीवर कापूस घेऊन वाती वळता वळता वाचत. खूण म्हणून त्यातलीच एक वात पानात ठेवून देत. मामींचं वाचून होईपर्यंत मामा थांबत, आणि दोघांचं झाल्यावर पुस्तक चांगलं असेल तर त्याचं चक्क सुतक पाळत. तेवढे दिवस नव्या पुस्तकाचं नाव काढायचं नाही. वाईट निघालं तर नुसती आंघोळ करून मोकळे.

मामींना यातलं काहीच मान्य नव्हतं. त्यांची रीत म्हणजे पुस्तक मधेच कुठेतरी उघडायचं, चार ओळी वाचायच्या आणि काय ते ठरवायचं. शितावरून भाताची परीक्षा होते, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यावर मामा पुस्तक म्हणजे भात नव्हे, असं बजावत आणि मामी हसून कापूस पिंजत. तरी त्यांनी मामांच्याच पसंतीची पुस्तकं वाचली. फक्त एकदा तसं झालं नाही.

मामा एका लग्नासाठी किन्हीराजाला गेले होते. मामी बाजारात गेल्या, भाजी घेतली, येताना वाचनालयात शिरल्या आणि वांग्यांच्या पिशवीतून एक निळ्या पुठ्ठ्याची जाडजूड कादंबरी घरी घेऊन आल्या. मामा परतले तर ओसरीवर मामी वाचत बसलेल्या. मामांनी विचारलं, की ही याआधी कोणी वाचली? मामी म्हणाल्या, नवीनच आलेली आहे, मीच पहिली. ना चौकशी, ना पाहणं, ना भाच्याचा हात. मामा असे रुसले की विचारू नका. त्या कादंबरीला ते 'पळून आलेली' म्हणू लागले, आणि मी तिला हातसुद्धा लावणार नाही, असं त्यांनी मामींना तोंडावर सांगून टाकलं. नियमाप्रमाणे दुसरं पुस्तकही आणता येईना. ते पेपरमधल्या जाहिराती वाचत बसत. मामी वाचता वाचता मोठ्यानं हसत, मामा कान टवकारत, पण काय झालं म्हणून विचारत नसत. आणि मामी मुद्दाम सांगत नसत. आम्ही सगळे नातेवाईक हा तमाशा फोनवरून ऐकून करमणूक करून घेत होतो.

तेवढ्यात मामी गेल्या. सकाळी चहा ठेवला, जीव घाबरल्यासारखा होतो म्हणाल्या आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलंही.

तेरावं झालं, महिने गेले, वर्षश्राद्ध झालं, तरी मामांनी पुस्तक हातात धरलं नाही. वाचनाशिवाय तो माणूस वाळत चालला. ओसरीवरच्या खुर्चीत बसून रस्त्यानं जाणारी माणसं पाहत राहायचा आणि जेवायची आठवण करून द्यावी लागायची. आम्हाला वाटलं, दुःखामुळे पसंत पडत नाही. म्हणून आम्ही सगळे मध्यस्थ झालो. मी दर फेरीला एक कादंबरी न्यायचो. रफीकभाई स्वतः पिशवीत दोन घालून घरी आले, आणि वाचनालयात परत न आलेल्या निळ्या कादंबरीबद्दल चकार शब्द न काढता चहा पिऊन गेले. मामा प्रत्येकाचं आगतस्वागत करत, पुस्तकाकडे न पाहता "चांगली हाये, पन सद्या नको" म्हणत आणि परत देत. मला त्यांची भीती वाटू लागली होती.

गेल्या दिवाळीत मी सरळच विचारलं, की मामा, असं किती दिवस?

"घरात एक हाये ना," ते म्हणाले. "ते पुरी झाल्याबिगर दुसरी कशी आनू?"

मी देवघराकडे पाहिलं. वातींच्या डब्याशेजारी ती निळी कादंबरी होती आणि तिच्या मधोमध कापसाची वात बाहेर डोकावत होती. आम्ही सगळे वर्षभर सोयरिकी आणत होतो आणि घर रिकामं नव्हतंच. मी म्हणालो, मग वाचून टाका. मामा खाली पाहत म्हणाले, "हात लावनार नाही म्हनलो होतो मी तुह्या मामीले. ते आखरीपर्यंत तसंच राह्यलं."

मी उठलो. देवघरातून कादंबरी काढली, भाच्याच्या मानानं तिला पहिला हात लावला आणि मामांच्या पुढे धरली. त्यांनी ती घेतली आणि वात होती तिथेच उघडली. मी म्हणालो, मामा, पहिल्या पानापासून घ्या, नाहीतर काही कळणार नाही.

"तिथपर्यंत तिचं झालं," ते म्हणाले. "तिनं वाचलं म्हंजे घरात वाचून झालं. उरलेलं माह्यावर हाये."

आणि ते मोठ्यानं वाचू लागले. थोड्या वेळानं थांबून त्यांनी मला विचारलं, की हा मुकुंदा कोण? मी ती वाचलेली नव्हती. मी माहीत नाही म्हणालो. मामांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"चौकशीसाठी मी आसेगावले जाऊन बसलो बापू. हिची माहिती असनारी तं घरातच होती. तिलेच नाही विचारलं."

अजून ती कादंबरी संपलेली नाही. मामा आता नीट जेवतात, सदऱ्याला इस्त्री करतात, रफीकभाईंना वाचनालयात नवीन काय आलं ते विचारतात, पण आणत नाहीत. परवा फोनवर मी विचारलं, कशी आहे, तर म्हणाले, चांगली नांदून राह्यली. रोज दुपारी, मामींच्या वेळेला, ते एकच पान वाचतात आणि वात पुढच्या पानात सरकवून ठेवतात.