थिन नाही, स्लिम म्हणायचं

काय सांगू बाप्पा, आणि कोणत्या तोंडानं सांगू? दमले मी आता हे सांगून सांगून. पण आमच्या अड्याळ गावात सगळ्यांना अर्धंच माहीत आहे, तुम्ही तरी पूर्ण ऐका.

आमच्या भिंतीला लागून प्रणालीचं घर. पोरगी भंडाऱ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवते. संध्याकाळी थकून येते, घटकाभर माझ्या ओट्यावर टेकते, आणि मी भाजी निवडता निवडता तिचं डोकं खाते. माझी दहावी काठावरची, पण हौस दांडगी. तिनंच मला सांगितलं की इंग्रजीत एकाच गोष्टीला दोन शब्द असतात, एक हार घालणारा, एक चप्पल मारणारा. अंग तेच, पण स्लिम म्हटलं की माणूस खुलतो, थिन म्हटलं की टॉनिक आणायला धावतो!

तर तिला शहापूरचं स्थळ आलं. आधीचं एक जुळता जुळता मोडलं होतं, आणि हा मुलगा तिला मनापासून आवडला होता. ती बोलली नाही, पण मी शेजारीण आहे, मला न सांगता कळतं.

आता आपल्याकडची रीत तर ठाऊक आहे. मुलीकडचे पोहे खायच्या आधी मुलाकडचं कोणीतरी शेजारच्या घरी गुपचूप चौकशी करून जातं. घरचे गोडच बोलणार. खरं काय ते शेजारीण सांगते.

एका दुपारी मुलाची आत्या माझ्या दारात पाणी मागायला आली. एवढ्या मोठ्या अड्याळात तिला माझ्याच दारात तहान लागली, म्हणजे मी काय ते ओळखलंच. धान पाखडून कंबर गेली होती, तरी चहा ठेवला. ठरवलं, आज पोरीसाठी एकेक शब्द पारखून बोलायचा, तोही इंग्रजीतला.

"पोरगी दिसायले कशी आहे, बाई?" आत्यानं विचारलं.

"थिन," तोंडातून निघून गेलं. जीभ चावली मी. "नाही नाही, थिन नाही म्हणायचं, स्लिम म्हणायचं. तिनंच शिकवलं मले."

आत्यानं कप खाली ठेवला. "तिनं शिकवलं?"

"मंग? रोजच शिकवून राहिली. प्लेन नाही म्हणायचं, सिम्पल म्हणायचं."

आत्याचा चेहरा उतरत चालला. मला वाटलं, बाईला इंग्रजी झेपत नाही. म्हणून अजून फोड करून सांगितलं, की पोरगी थोडी हट्टी आहे, पण त्याला स्टबर्न म्हणायचं नसतं, डिटरमाइंड म्हणायचं असतं.

"आन स्वयंपाक?" तिनं हळूच विचारलं.

"त्याचा चांगला शब्द नाही सांगितला तिनं अजून. थांबा, विचारून येतो."

आत्या उठलीच. दाराशी वळून म्हणाली, "शेजारणीले पढवून ठेवणारी पोरगी पहिल्यांदाच पाहिली बाप्पा."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पदर खोचून स्टँडपर्यंत तिच्या मागं गेले. म्हटलं, "अवं बाई, तिनं नाही पढवलं. मीच तिचा जीव खातो. बिचारी थकून येते, तरी हसून सांगते." आत्या बसमध्ये चढली.

प्रणालीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ द्या काकू," आणि आत गेली. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी ओट्यावर बसणंच सोडलं.

मग एक दिवस तिची आई पेढे घेऊन आली. होकार आला होता! माझा विश्वास बसेना. म्हटलं, "आन ते आत्या? ते काय म्हणाली?"

प्रणालीच्या आईनं तोंडाला पदर लावला. "तिचाच तर जोर होता म्हणते. आमची वहिनी, म्हंजे पोराची माय, लय कडक आहे, सून टिकते का नाही याचाच घोर होता, म्हणे. पण जे पोरगी या शेजारणीजवळ इतके वर्स हसत राहिली, तिले आमच्या घरी काहीच जड जाणार नाही."

पेढा माझ्या तोंडात होता. बरंच झालं, नाहीतर पुन्हा काहीतरी बोलून बसले असते.