अण्णाच्या गाडीला पॉलिश कोणी लावलं?

अण्णा गेला, हे शुभाने फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "डॉक्टरांनी नीट तपासलं ना?" पोरगी रडता रडता थांबली. म्हणाली, "काका, बाबांनीपण हेच विचारलं असतं." खरंच विचारलं असतं. आमचा दत्तूअण्णा देवळात तीर्थ घेतलं तरी आधी दोन बोटांत चोळून चिकटपणा बघायचा. त्याचे पूर्वज शहाजीराजांच्या मागोमाग बेंगळुरूला आले, आणि माझी खात्री आहे की इथलं पाणी कसं आहे याची चौकशी त्या घराण्यात अजून चालू आहे.

मी नाशिकहून नोकरीला आलो तेव्हा सरकारी कारखान्यात अण्णा माझ्या शेजारच्या टेबलावर रबराच्या वस्तू तपासायचा. निवृत्त झाला, पण तपासणी काही निवृत्त झाली नाही. के. आर. पुरमच्या त्याच्या घराच्या गच्चीवर जुन्या टायरचे तुकडे आणि भंगारातून आणलेला एक अख्खा डॅशबोर्ड मांडलेला असायचा. टायर पॉलिश असो की डॅशबोर्ड पॉलिश, नवी बाटली थेट गाडीला लागणं नाही. आधी तुकड्याच्या अर्ध्या भागाला लावायचं, खडूने खूण करायची, महिनाभर ऊन खाऊ द्यायचं आणि मग पांढऱ्या रुमालाने पुसून बघायचं. रुमाल काळा झाला, नापास. बोटाला चिकटलं, धूळ धरली, रबर तपकिरी पडलं... नापास. आकाशात रॉकेट सोडणारेसुद्धा इतकं छळत नसतील. इंदिरानगरातला एक दुकानदार तर अण्णा फुटपाथवर दिसला की शटर अर्धं खाली ओढायचा, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. बरं, पाव ओढायचा.

त्याचं मत पक्कं होतं. जे लावताक्षणी चमकतं, ते काहीतरी लपवतं. तेलकट पॉलिशने डॅशबोर्ड आरशासारखा होतो आणि ऊन काचेवर उलटून डोळ्यांत येतं. टायरवरचं जास्तीचं पॉलिश चाक फिरलं की गाडीच्या अंगावर उडतं. पाण्यासारखं पातळ, दुधाळ, लावलंय हे कळूसुद्धा नये असं घ्यावं. फडक्यावर घेऊन लावावं, मुरलं की कोरड्या फडक्याने पुसावं. टायरच्या बाजूंना ठीक, पण जो भाग रस्त्याला टेकतो त्याला नाही. आणि स्टिअरिंगला, पेडलना तर साक्षात देवाने येऊन सांगितलं तरी नाही.

शुभाच्या साखरपुड्याला होणाऱ्या जावयाची, निखिलची, मंडळी पुण्याहून आली. आदल्या संध्याकाळी अंगणात उभा राहून निखिल सहज म्हणाला, "अंकल, एकदा मस्त शाइन मारली ना, तर कार ब्रँड न्यू दिसेल." अण्णाने त्याच्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं लग्न मोडलं. मला मात्र पोराचं म्हणणं पटलं. पुण्याच्या माणसांसमोर आपली गाडी अशी राखेत लोळून आल्यासारखी का दिसावी? दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा पूजेला बसला असताना मी रात्रीच गुपचूप आणलेली चमकदार पॉलिशची बाटली खिशातून काढली आणि टायरपासून दारापर्यंत सगळं न्हाऊ घातलं. उत्साहाच्या भरात स्टिअरिंगही.

दुपारी अण्णा गाडी चालवत होता, मी शेजारी, मागे निखिल आणि त्याची आई. वळणावर अण्णाचे हात स्टिअरिंगवरून साबणासारखे घसरले आणि गाडी जाऊन शहाळ्याच्या हातगाडीला टेकली. शहाळी रेल्वे स्टेशनापर्यंत घरंगळत गेली, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. पडली दोनच. कोणाला खरचटलंही नाही. अण्णाने हातांचा वास घेऊन पाहिला आणि कोणी लावलं हे, म्हणून विचारलं. मी खिडकीबाहेर शहाळी मोजत बसलो. घाबरून निखिल कसनुसा हसला. आरशातून ते हसू अण्णाने पाहिलं आणि खटला तिथेच संपला.

लग्न झालं, दोघं बेंगळुरूतच राहिली. नातवंडं झाली. पण निखिलच्या हातात त्या गाडीची किल्ली कधी पडली नाही. निखिल दोनदा म्हणाला की मी नव्हे. त्यानंतर म्हणायचा थांबला. पुढे अण्णाचे गुडघे गेले तेव्हा दर रविवारी निखिलच गच्चीवर जाऊन तुकडे पुसायचा, वरून निकाल ओरडून सांगायचा. अण्णा कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणायचा आणि तो निकाल पडताळायला शुभाला वर पाठवायचा. मी खाली बसून कॉफी प्यायचो... हजार वेळा ओठांवर आलं. शेवटच्या भेटीतही मी सुरुवात केली होती, "अण्णा, त्या साखरपुड्याच्या दिवशी..." तो थकल्या आवाजात म्हणाला, "स्वल्प थांब रे बापू. आधी ऐक. गाडी निखिलला देऊ नका." मी थांबलो. थांबलो तो थांबलोच.

तेराव्यानंतर वहिनींनी गाडी विकायला काढली. निखिलला ती हवी होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण तो म्हणाला, बाबांच्या मनाविरुद्ध नको. गिऱ्हाईक आनेकलहून निघालंय असा फोन आला. मी हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, सांगून टाकलं. या वेळी शहाळीही दोनच सांगितली.

मग वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्यापायी दोन महिने ह्यांनी, मी जावयाला सामील म्हणून, माझ्यावरसुद्धा संशय घेतला होता. बाटली शोधायला माझा तांदळाचा डबा उपसला." शुभा हसली की रडली कळलं नाही. निखिल माझ्याकडे बघत होता. इतक्या वर्षांचं काय काय ऐकावं लागणार म्हणून मी मान खाली घातली.

"काका," तो शेवटी म्हणाला, "स्टिअरिंगला कोण लावतं?"

वहिनींनी गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून कळवलं आणि किल्ली जावयाच्या हातात ठेवली.

आता रविवारी निखिल गाडी धुतो, तेच दुधाळ पॉलिश फडक्यावर घेतो, तसाच वाकून पुसतो. गाडी अजिबात चमकत नाही. गेल्या रविवारी मी म्हटलं, आण, निदान टायर तरी मी करतो. त्याने बाटलीचं झाकण घट्ट लावलं, ती डिकीत ठेवली, डिकीला कुलूप घातलं, किल्ली शर्टाच्या खिशात टाकून वरचं बटण लावलं. मग अगदी प्रेमाने म्हणाला, "चला काका, कॉफी घेऊ." आणि जिना चढता चढता, मी गाडीपासून पुरेसा लांब आलोय ना, हे त्याने दोनदा मागे वळून पाहिलं.