मोजणीचं तिकीट लावलेले अर्ज

आमच्या खारेपाटात खाडीचं पाणी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा एक बांध असतो, तेवढाच. एका उधाणात त्याला खांड पडली आणि खारं पाणी आमच्या शेतात शिरलं. गावानं घरटी एक माणूस देऊन दोनदा माती भरली. दोन्ही वेळा पुढच्या उधाणानं ती नेली. सरकारनं दगड टाकून बांध घातला तर शेत वाचणार, नाहीतर तिथं तिवरांचं, खारफुटीचं रान माजणार, हे पोराटोरांनाही कळत होतं. मग वडिलांनी अर्ज करायला घेतले. म्हणजे सांगायचे ते, लिहायची मी.

वडील तरुणपणी मोजणीच्या पथकात खलाशी होते. खलाशी म्हणजे बोटीवरचा नव्हे. साहेब दुर्बिणीतून बघणार आणि हा लांब टेकाडावर झेंडा धरून उन्हात उभा राहणार. पण त्याचा त्यांना केवढा अभिमान! कुठंही नकाशा दिसला की म्हणायचे, ‘ह्यो असाच नाय व्हत, मानूस उबा ऱ्हावा लागतो.’ देशाच्या मोजणीला दोनशे वर्षं झाली म्हणून टपालाचं तिकीट निघालं, तेव्हा ते पेणला जाऊन चांगला गठ्ठाच घेऊन आले. पोस्टमास्तर म्हणाले, जपून ठेवा. जपून कसले ठेवतायत! अर्जाच्या प्रत्येक पाकिटावर तेच तिकीट लागलं पाहिजे, असा घरात हुकूम सुटला. पुढं टपालाचा दर वाढला तर जोडीला दुसरं साधं तिकीट लावायचे, पण हे हवंच.

‘साहेब बघंल. वळखंल, आपल्यातला मानूस हाय.’

मला हसू यायचं आणि रागही यायचा. तिकीट पाहून बांध घालणारा साहेब मी तरी कुठं पाहिला नव्हता. पण थुंकी न लावता, वाटीतल्या पाण्यात बोट बुडवून ते तिकीट चिकटवायचे, तेव्हा त्यांचा चेहरा बघून मी गप्प बसायची.

अर्ज जात राहिले. माझं लग्न झालं, मी रोह्याला शाळेत लागले, तरी माहेरी गेले की आधी अर्ज, मग चहा. शेतात तिवरं गुडघ्याएवढी झाली, मग कमरेएवढी. आई म्हणाली, ‘आता भात इसरा, तिथं मासली धरा.’ वडील तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

मग एकदाचं उत्तर आलं. नव्या नकाशाप्रमाणे सदर ठिकाणी शेतजमीन नसून खाडी आहे, सबब बांधाचा प्रश्न उद्भवत नाही. मी रजा टाकली आणि एस.टी.नं कचेरी गाठली. कारकून सभ्य होता. त्यानं नवा नकाशा पसरून दाखवला. आमच्या शेतावर निळा रंग होता. जुने अर्ज विचारले तर गठ्ठा काढून दिला. प्रत्येक पाकिटाचा कोपरा कात्रीनं नीट कापलेला. ‘तिकिटं फार छान असायची तुमची,’ तो म्हणाला, ‘आमच्या मुलीच्या वहीत आहेत.’ शेवटचा अर्ज सोडला तर बाकीचे सगळे आत माझ्याच घडीत होते. कुणी उघडलेसुद्धा नव्हते.

संतापानं मी तशीच गावाला गेले आणि वडिलांना सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता तरी चिडतील, चार शिव्या देतील. त्यांनी एवढंच विचारलं, ‘नकाशात निला हाय?’

‘हो.’

‘भरतीला आले असतील मोजाला.’

‘बाबा, तुम्ही त्यांचीच बाजू घेताय!’ मी ओरडले.

ते म्हणाले, ‘आमी पन असाच केलाय गो. एका गावात गेलो, सगला पानी भरलेला. मी झेंडा घेऊन पुढं. पान्यात बांधाचा टोक दिसत व्हता मना. साहेबानी इचारला, पुढं काय हाय? मना वाटला, चिखलातून परत कोन जाईल? बोललो, पानीच हाय साहेब. त्यांनी पानी लिवला.’

‘शेत कोणाचं होतं?’

‘इचारला नाय.’

त्यानंतर अर्जाचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही.